वरचा दोनशे चौदा

रिसोडच्या त्या गल्लीत मशीन येण्यापूर्वी कुणालाच बीपी नव्हतं. डोकी दुखायची, चक्कर यायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण या सगळ्याला पित्त म्हणायची पद्धत होती आणि पित्तावर घरटी चार उपाय होते. त्यातल्या एखाद्यानं माणूस बरा व्हायचा, नाहीतर दुखणंच कंटाळून निघून जायचं. हा सुखाचा काळ भागचंदभाऊंनी संपवला, आणि तोही चांगल्या हेतूनं.

भागचंदभाऊंचं गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान. वय अठ्ठावन्न, पांढरा सदरा, कपाळावर चंदनाचा टिळा आणि शब्द मोजून वापरायची सवय. एकदा साखरेचं पोतं सरकवताना त्यांना गरगरलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घाबरायचं काही नाही, बीपी जरासं वर आहे, आठवड्यातून एकदा बघत जा. आता आठवड्यातून एकदा दवाखान्यात जायचं म्हणजे दुकान बंद ठेवायचं, रांगेत बसायचं आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाला आपल्याला काय झालंय ते सांगायचं. यातलं तिसरं काम भागचंदभाऊंना जास्त जड जात होतं. त्यांनी अकोल्याला मुलीला फोन लावला. जिनल तिथं रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तिनं ऑनलाइन मशीन मागवून थेट रिसोडच्या पत्त्यावर पाठवलं, आणि ते कसं चालतं हे फोनवर अर्धा तास समजावलं.

त्या अर्ध्या तासानं भागचंदभाऊ बदलले. अठ्ठावन्न वर्षं जे छातीत धडधडत होतं त्याच्याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता कळलं की ते मुठीएवढं आहे, दिवसाला लाखभर ठोके टाकतं आणि सुटी घेत नाही. अंगात जवळजवळ पाच लिटर रक्त असतं, म्हणजे दुकानातला तेलाचा एक छोटा डबा, आणि बसल्या जागी मिनिटभरात हृदय एवढं सगळं अंगभर फिरवून परत आणतं. नेणाऱ्या नळ्या त्या धमन्या, परत आणणाऱ्या त्या शिरा. हृदय आखडतं तेव्हा धमनीत जो जोर येतो तो वरचा आकडा. ते सैल पडतं तेव्हा जो उरतो तो खालचा.

हे ज्ञान पोटात ठेवणं माणसाला शक्य नसतं. दुसऱ्या दिवशी दुकानात भावाच्या पाटीवरचे डाळींचे भाव पुसून त्यांनी खडूनं हृदय काढलं. ते कोहळ्यासारखं दिसत होतं. गिऱ्हाइकाला ते विहिरीवरच्या मोटारीवरून समजावत. मोटार म्हणजे हृदय, ठिबकच्या नळ्या म्हणजे रक्तवाहिन्या. नळीत क्षार बसले की भोक बारीक होतं, मोटारीवर लोड येतो. लोड येऊनही मोटार चालू ठेवली तर एकतर मोटार जळते, नाहीतर नळी फुटते. शेतकरी माणसाला हे पटकन समजायचं. मग तो विचारायचा की तूरडाळीचा भाव काय आहे, कारण तो पाटीवर नव्हता.

आठवडाभरात सकाळी दुकानाच्या ओट्यावर रांग लागू लागली. पट्टा दंडाला गुंडाळायचा, हात छातीच्या उंचीवर टेकवायचा, पाय जमिनीवर आणि आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. बाकीचं सगळं गल्लीला जमलं, गप्प बसणं जमलं नाही. समोरच्या घरातल्या प्रयागबाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, पट्टा फुगायला लागला की सुनेचा विषय काढायच्या आणि आकडा एकशे साठच्या पुढे जायचा. सुनेचा विषय बंद केला की तो एकशे चाळीसवर यायचा. भागचंदभाऊंनी त्यांना मीठ कमी करायला सांगितलं. प्रयागबाईंना कमी हा शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी मीठ सोडलंच. भाजी अळणी, भाकर अळणी, लोणचं बंद, आणि जोडीला रोज लसणाच्या सात पाकळ्या. आठव्या दिवशी त्या नळावर भोवळ येऊन पडल्या आणि त्यांचा मुलगा दुकानावर आला. तो भांडला नाही. त्यानं फक्त चार लोकांसमोर विचारलं की, शेठ, तुमी किराणा विकता का डाक्टरकी करता, ते एकदा ठरवून घ्या. भागचंदभाऊंनी पाटीवरचं हृदय पुसलं नाही, पण त्या दिवशी त्याच्याकडे बोटही केलं नाही.

मशीनची बदनामी अशी सुरू झालेली असताना गोविंदसिंग आले.

गोविंदसिंग म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मूळचे मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, नोकरीमुळे रिसोडला आले आणि इथंच घर बांधलं. उंचेपुरे, आवाज इंजिनाच्या वरताण बोलायची सवय लागलेल्या माणसाचा. चौतीस वर्षांत आजारपणाची एक रजा घेतली नाही हे ते ओळख करून देतानाच सांगायचे. ते मोजून घ्यायला आले नव्हते, गंमत बघायला आले होते. पण ओट्यावर टेकले, बाही वर केली आणि म्हणाले, घ्या, आमचंही इंजन पाहा.

मशीननं पट्टा फुगवला, थांबलं, पुन्हा जास्त फुगवला आणि मग सावकाश हवा सोडली. वरचा दोनशे चौदा, खालचा एकशे सव्वीस.

भागचंदभाऊंनी दुसरा दंड घेतला. दोनशे दहा. पाच मिनिटं थांबून पुन्हा पहिला. दोनशे चौदा.

"गोविंदभाऊ," ते म्हणाले, "तुमी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा."

"मले काहीच होऊन नाही राह्यलं," गोविंदसिंग म्हणाले. "सकाळी चार भाकरी खाल्ल्या."

रांगेतले लोक हसले. जो माणूस उभा आहे, बोलतो आहे, चार भाकरी खातो आहे, त्याला दोनशे चौदा असेल कसं? भागचंदभाऊंनी समजावलं की यात दुखत नाही, नळी फुटेस्तोवर काही कळत नाही, म्हणूनच मोजायचं असतं. ते जेवढं समजावत गेले तेवढे लोक जास्त हसले. चौकातल्या औषधाच्या दुकानाचा मालक पवन तिथंच होता. असलीच मशीनं तो विकायचा, त्यामुळं ऑनलाइन मशीनबद्दल त्याचं मत आधीच तयार होतं. त्यानं स्वतःचा दंड पुढे केला. चौतिसाव्या वर्षी त्याला एकशे अडुसष्ट निघालं. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता आणि औषधांची खोकी उतरवून तो तसाच घामाघूम आला होता, हे तेव्हा कुणी ध्यानात घेतलं नाही. पवननं खर्रा थुंकून जाहीर केलं की मशीन डुप्लिकेट आहे, ज्याला त्याला वाढवूनच दाखवतं. गोविंदसिंग बाही खाली करत म्हणाले, "शेठ, तुमचा काटा बी असाच हाय का?"

हा घाव वर्मी बसला. भागचंदभाऊंच्या तराजूवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. दरवर्षी ते काटा घेऊन स्वतः जायचे, तपासून त्यावर शिक्का मारून आणायचे. लोकांचा काटा मारणारा दुकानदार आणि हा माणूस एका ओळीत बसवला गेला होता, तेही एका बॅटरीवर चालणाऱ्या डबीपायी. त्या रात्री त्यांनी जेवताना बायकोला, पानाबाईंना सांगितलं की मशीन खरं आहे हे मी सिद्ध करून दाखवणार. पानाबाईंनी विचारलं, मग गोविंदभाऊंले दवाखान्यात कोन नेनार? भागचंदभाऊ म्हणाले, आधी मशीनचं होऊ दे.

आणि मशीनचं होऊ लागलं. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा असं होत होत एक बाई आली. ती गोड आवाजात म्हणाली की मशीनबद्दल शंका असेल तर ते पाठवून द्या, तपासून देऊ, सोबत बिल जोडा. बिल जिनलच्या नावावर, पत्ता रिसोडचा, तक्रार भागचंदभाऊंची. तीन नावं-पत्ते जुळेनात म्हणून तिनं अर्ज भरायला सांगितला, आणि अर्ज उघडायला जो ओटीपी लागायचा तो अकोल्याला जिनलच्या फोनवर जायचा. जिनल दिवसभर लोकांचं रक्त काढत असायची. ती फोन उचलेपर्यंत ओटीपी मरायचा. असा तीन दिवस ओटीपी मरत राहिला.

चौथ्या दिवशी भागचंदभाऊंना खरा मार्ग सुचला. काट्यावर शिक्का मिळतो तर याच्यावर का मिळू नये? हेही मापच आहे. त्यांनी मशीन पिशवीत घातलं, दुकान पानाबाईंवर सोपवलं आणि वाशिमची एसटी पकडली. मापांच्या कार्यालयात बाबूनं मशीन उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, किती किलोचं हाय? भागचंदभाऊंनी सांगितलं की हे किलोचं नाही, रक्ताचं आहे. बाबू त्यांना आत साहेबांकडे घेऊन गेला. साहेब सभ्य होते. त्यांनी जाड पुस्तक काढलं, पानं उलटली आणि नियम सापडल्याचा त्यांनाच आनंद झाला. म्हणाले, अशी यंत्रं तपासायचा नियम आहे. फक्त तपासायचं साधन इथं नाही. तुम्ही अर्ज ठेवून जा, वर पाठवतो. भागचंदभाऊंनी अर्ज लिहिला. विषय या रकान्यात काय लिहावं हे कुणालाच ठरवता येईना, तेव्हा बाबूनं 'वजनकाटा (रक्ताचा)' असं लिहून घेतलं.

आलोच आहे तर म्हणून ते एका दवाखान्यात गेले. तिथं पाऱ्याचं जुनं यंत्र असतं, त्याच्याशी ताडून बघू, असा विचार. बीपी बघणारी नर्सबाई दुसऱ्या मजल्यावर होती. दोन जिने चढून भागचंदभाऊ बाकावर बसले, आणि बसल्या बसल्या, श्वास अजून वर असतानाच, त्यांनी स्वतःच्या दंडाला पट्टा गुंडाळून मोजलं. एकशे शेहेचाळीस. तो आकडा चिठ्ठीवर लिहून ते पाऊण तास रांगेत बसले. त्यांचा नंबर आला. नर्सबाईनं पारा चढवला, उतरवला आणि सांगितलं, "एकशे अठ्ठावीस. मस्त आहे काका."

भागचंदभाऊंनी चिठ्ठी दाखवली. रांगेत मागे अजून वीस माणसं उभी होती. ती म्हणाली, "मशीनमध्ये फरक असेल मग," आणि पुढच्याला हाक मारली.

परतीच्या एसटीत भागचंदभाऊ खिडकीशी बसले आणि पिशवी त्यांनी पायाशी ठेवली. पवनचं खरं निघालं होतं. गल्ली खरी निघाली होती. तराजूत खोट असली तर प्रामाणिक दुकानदारानं काय करायचं असतं हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं: ज्याला चुकीचं माप दिलं त्याच्या घरी जायचं आणि तोंडानं कबूल करायचं. त्यांना वाईट वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्यात एक तऱ्हेचा मोठेपणाही होता आणि तो त्यांना सुखावत होता. रिसोड येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात वाक्यं जुळवली.

एसटीतून उतरून ते घरी न जाता सरळ गोविंदसिंगांकडे गेले. गोविंदसिंग ओसरीवर खुर्चीत बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. अंगात इस्त्रीचा सदरा होता. त्यांची बायको मोतीबाई दवाखान्याची पिशवी घेऊन दारात उभी होती. दोन दिवसांपासून गोविंदसिंगांचं डोकं मागच्या बाजूनं ठणकत होतं. ते जायला तयार नव्हते; मोतीबाईंनी त्या सकाळी चूल पेटवायला नकार दिला होता, तेव्हा कुठे ते उठले होते.

"गोविंदभाऊ, मी माफी मागाले आलो," भागचंदभाऊ म्हणाले. "मशीन खोटं हाय. मी वाशिमले ताडून पाह्यलं. जास्त दाखवते ते."

गोविंदसिंगांनी वर पाहिलं. "म्हंजे मायं दोनशे चौदा नाही?"

"नाही. ते मशीनचं हाय, तुमचं नाही."

गोविंदसिंग मोठ्यानं हसले. बांधलेली नाडी त्यांनी सोडली, एक बूट काढला, मग दुसरा. मोतीबाई म्हणाल्या की डोकं तर दुखते ना, तयारी झालीच हाय तर जाऊन या. ते म्हणाले, उन्हाचं हाय, पित्त झालं, चहा ठेव. मोतीबाई जरा वेळ पिशवी धरून उभ्या राहिल्या. मग पिशवी खुंटीला अडकवून त्या आत गेल्या.

चहा झाला. गोविंदसिंगांनी मानोऱ्याच्या घाटात ब्रेक निकामी झालेली गाडी कशी उतरवली ते सांगितलं. इतकी वर्षं शेजारी असून भागचंदभाऊ त्या ओसरीवर पहिल्यांदाच बसले होते. निघताना गोविंदसिंगांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की मानूस असावा तर असा, चूक झाली तर घरी येऊन सांगते. दुकानात येऊन भागचंदभाऊंनी पाटीवरचं हृदय पुसलं आणि डाळींचे भाव लिहिले. त्यांना हलकं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलेलं असताना गोविंदसिंगांच्या हातातली घागर सुटली. ते खाली वाकले ते वर आलेच नाहीत. लोक धावले तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात आपला नसल्यासारखा अंगाखाली दुमडला होता. भागचंदभाऊ दुकान उघडं टाकून पळाले. ऑटोत गोविंदसिंगांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. रिसोडच्या दवाखान्यात पट्टा बांधला, मोजलं, आणि डॉक्टरांनी आकडा नर्सला हळू सांगितला तरी तो भागचंदभाऊंना ऐकू आला. दोनशे सव्वीस. तिथून रुग्णवाहिकेनं अकोला.

अकोल्याला डॉक्टरांनी मोतीबाईंना आणि भागचंदभाऊंना बसवून घेतलं आणि एका कागदावर मेंदूचं चित्र काढलं. ते चांगले डॉक्टर होते, सोप्या भाषेत बोलत होते. म्हणाले, समजा ठिबकची नळी आहे. आत सारखा जोर जास्त राहिला की ती कुठंतरी पातळ होते, आणि एक दिवस तिथंच फुटते. भागचंदभाऊ ऐकत राहिले. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणाले. बोलणं आणि उजवी बाजू यांचं आत्ताच सांगता येणार नाही.

जिनल कामावरून तशीच आली. बाहेरच्या बाकावर तिनं वडिलांना सगळं विचारलं: कधी मोजलं, कुठं मोजलं. जिने चढून लगेच मोजलं हे ऐकल्यावर तिनं किती जिने ते विचारलं. मग म्हणाली, "पप्पा, दोन जिने चढल्यावर कुणाचंही वाढतं. पाऊण तास बसल्यावर उतरतं. मशीन बरोबरच होतं."

भागचंदभाऊंनी मान हलवली. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. मशीन बरोबर होतं हे तर झालंच. पण ते खोटं धरलं तरी काय होत होतं? खोट किती निघाली होती? एकशे शेहेचाळीस आणि एकशे अठ्ठावीस, म्हणजे अठराची. दोनशे चौदातून अठरा गेले तर राहिले एकशे शहाण्णव. एकशे शहाण्णव म्हणजेही दवाखानाच. चाळीस वर्षं तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाला वाशिमपासून रिसोडपर्यंत एक वजाबाकी सुचली नव्हती, कारण तो सगळा रस्ता त्यांनी माफीची वाक्यं जुळवण्यात घालवला होता. ते बाकावरून उठले, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि तिथं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. 

गल्लीला मात्र सगळं पटलं. मशीन खरं होतं, शेठनं आधीच सांगितलं होतं, आपणच ऐकलं नाही. दुसऱ्याच सकाळी ओट्यावर रांग लागली. प्रयागबाई पहिल्या होत्या. पवन स्वतः आला, या खेपेला तोंड धुऊन, आणि म्हणाला की भाऊ, तुमची माफी मागतो, मशीन एक नंबर हाय. हीच माफी आठ दिवसांपूर्वी मिळावी म्हणून भागचंदभाऊ वाशिमपर्यंत जाऊन आले होते. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि मशीन बिघडलंय असं सांगितलं. कुणालाही ते खरं वाटलं नाही. लोकांनी एवढंच म्हटलं की शेठला मोठेपणा नको असतो.

त्यांनी आतापर्यंत मोतीबाईंना काही सांगितलं नव्हतं. अकोल्याला दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा तोंड उघडलं आणि दुसरंच बोलले. पानाबाई रोज अकोल्याच्या एसटीनं दवाखान्यात डबा पाठवायच्या. त्याही काही विचारत नव्हत्या, आणि ते न विचारणं भागचंदभाऊंना जेवू देत नव्हतं.

बाविसाव्या दिवशी गोविंदसिंगांना घरी आणलं. दुसऱ्या सकाळी मोतीबाई दुकानावर आल्या. डॉक्टरांनी रोज दोनदा बीपी बघायला सांगितलं होतं. म्हणाल्या, "भाऊ, मशीन घेऊन या."

भागचंदभाऊ गेले. ओसरीवरच कॉट टाकली होती. एवढा मोठा माणूस त्या कॉटवर लहान दिसत होता. तोंडाची एक कड ओली होती आणि मोतीबाई ती पदरानं टिपत होत्या. भागचंदभाऊंना पाहून गोविंदसिंगांच्या घशातून काहीतरी आलं. त्याचा शब्द झाला नाही.

भागचंदभाऊंनी मशीन पिशवीतून काढलंच नाही. स्टुलावर बसून ते जमिनीकडे बघत बोलले. "वहिनी, हे जाऊन राह्यले होते त्या दिवशी. बूट घातले होते. मी थांबवलं. मशीन खोटं नव्हतं. मी खोटं सांगितलं तुमाले. अन् मीच त्यायले..." 

मोतीबाईंनी पदर खाली सोडला. त्या रागावल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. कितीतरी दिवसांचं जागरण त्यांच्या तोंडावर होतं.

"मले काय सांगता भाऊ," त्या म्हणाल्या. "मी तिथंच होती ना. पिशवी मायाच हातात होती. मी बी खुंटीले लावून चहा ठेवाले गेली."

कॉटवरून गोविंदसिंग दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांना किती कळत होतं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. मग मोतीबाईंनी त्यांचा डावा हात उचलला, बाही दुमडून वर केली आणि तो हात भागचंदभाऊंच्या पुढ्यात उशीवर ठेवला.

"मोजा आता," त्या म्हणाल्या. "गोळीची येळ झाली."

भागचंदभाऊंनी पट्टा काढला. दोनदा तो उलटा गुंडाळला गेला, तिसऱ्यांदा नीट बसला. बटण दाबल्यावर पट्टा फुगत गेला आणि हाताखाली त्यांना त्या दंडातला ठोका लागला, जोराचा, एकसारखा. हवा सुटली. एकशे बावन्न, चौऱ्याण्णव.

 पाच मिनिटं थांबून त्यांनी पुन्हा मोजलं. एकशे पन्नास. तोही त्यांना पुरेना. तिसऱ्यांदा पट्टा आवळायला लागल्यावर गोविंदसिंगांनी हात मागे ओढला. डाव्या हातात तेवढी ताकद अजून होती.

"जास्त हाय," भागचंदभाऊ म्हणाले. "गोळी द्या त्यायले, अन् जोडे घालून द्या. मी ऑटो आनतो. दवाखान्यात दाखवून घेऊ."

मोतीबाई म्हणाल्या की डॉक्टर परवा बोलावून राह्यले, अन् बीपी एवढं तर राहीन असं त्यायनंच सांगतलं. भागचंदभाऊंनी ते ऐकलं, मान डोलावली आणि तरीही ऑटो आणायला गेले.